बुधवारचं इंजेक्शन

“कोण आडवं येतं गं? नवरा की सासू?” मी पेनाचं टोपण काढत विचारलं.

बटणवालीच्या तोंडात दोरा होता. तो तिने दातांनी तोडला, लावलेलं बटण ओढून पाहिलं, शर्ट उजवीकडच्या ढिगावर ठेवला आणि डावीकडच्या ढिगातला दुसरा उचलला. दोन ढिगांच्या मध्ये जी काही जागा होती, तेवढ्यात ती, तिचं अकरा महिन्यांचं पोर आणि पाचव्या महिन्याचं पोट असे तिघं मावून बसले होते. बाकीची तीन मुलं भिंतीकडेला पांढरी बटणं एका डब्यात आणि निळी दुसऱ्या डब्यात टाकत होती. कारखान्यातून शर्ट यायचे आणि बटणं लागून परत जायचे. सगळी गल्ली तिला बटणवालीच म्हणायची. खरं नाव मलाही कार्ड पाहिल्याशिवाय आठवायचं नाही.

“सांग की. मी काही दवंडी पिटायला जात नाही. कागदावर नुसती खूण करायची आहे.”

हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं. सासू बाहेर पायरीवर बसून सुयांमध्ये दोरे ओवत होती, तिच्या कानावर जावं म्हणून.

कागद दिला होता आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी. आमच्या भागात घरटी पाच-सहा मुलं. वरच्या ऑफिसला हे जाणून घ्यायचं होतं की, ज्या बायकांना आणखी मूल नको आहे, त्या त्यासाठी काही वापरत का नाहीत. खाली कारणांची यादी छापलेली होती : नवऱ्याचा विरोध, सासूचा विरोध, भीती, माहिती नाही, दवाखाना लांब, इतर. “सिस्टर, उत्तर तुम्ही सुचवू नका हं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “बाईला बोलू द्या.” मी मान डोलावली. नर्स म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सत्तावीस वर्षांच्या पोरीने प्रश्न कसा विचारायचा ते शिकवावं आणि बाईने मान डोलवावी, यालाच नोकरी म्हणतात. उत्तरं मला पाठ होती. वेळ वाचावा म्हणून मी सहातली दोनच विचारत होते.

“पोटातलं हवं होतं का?”

तिने मान हलवली. नाही.

“मग? मी सांगितलं होतं ना तुला?”

सांगितलं होतं खरं. अकरा महिन्यांपूर्वी ती माझ्याच टेबलावर बाळंत झाली. पोर ठीक, पण हिचं रक्त थांबेना. गाडी येईपर्यंत पाऊण तास मी दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरलं होतं. दुसऱ्या दिवशी माझे हात वर होत नव्हते. ती मोठ्या हॉस्पिटलातून परत आली, तेव्हा मी तिला समोर बसवून बजावलं होतं, “आता पुरे. पुढचं बाळंतपण तुला झेपायचं नाही. जीव जाईल.” आणि तरी ही बया पुन्हा पोट घेऊन बसलेली. मला राग आला होता, आणि राग आला की मी लवकर खुणा करते.

“म्हणजे सासूच,” मी म्हटलं आणि खूण केली.

“काय लिहिलंत, बाई?” सासू दारात येऊन उभी राहिली. वाळकी, ताठ म्हातारी. हातात दोरा ओवलेल्या सात-आठ सुया एका फडक्याला टोचलेल्या. “मला वाचता येत नाही, म्हणून विचारते.”

“हेच, की तुम्ही अडवता.”

“मी?” तिने फडकं सुनेच्या हातात दिलं आणि माझ्यासमोर बसली. “मी तर हिला घेऊन आले होते. तीनदा.”

“कुठं?”

“तुमच्याकडं. आणखी कुठं जाणार?”

मी बटणवालीकडे पाहिलं. ती खाली मान घालून सुई चालवत होती, पण तिचे ओठ हलले. “आलो होतो की,” ती म्हणाली.

“पहिल्यांदा आलो, तेव्हा हे पोर साडेतीन महिन्यांचं होतं,” सासू सांगू लागली. आवाज चढवला नाही की हातवारे केले नाहीत. “तुम्ही दारातूनच म्हणालात, आज गुरुवार, पाळणा लांबवायचं इंजेक्शन बुधवारी. बरं. पुढच्या बुधवारी आलो. तुम्ही विचारलंत, पाळी आली का? ही म्हणाली, नाही, पोर अजून अंगावर पितंय. तुम्ही म्हणालात, पाळी आली की दुसऱ्या दिवशी या. बरं. रोज सकाळी उठून मी हिला विचारायचे, आली का? पोरगी लाजेनं अर्धी व्हायची. तीन महिन्यांनी आली एकदाची. शनिवारी. दुसरा दिवस रविवार, दवाखान्याला कुलूप. सोमवारी लशी, मंगळवारी पोटुशा बाया, आम्हाला ठाऊक होतं. बुधवारी उजाडता येऊन बसलो. तुम्ही म्हणालात, आज पाचवा दिवस, उशीर केलात, पुढच्या महिन्यात या.”

“पुढच्या महिन्यात आलीच नाही,” बटणवाली म्हणाली.

“मी बसून हिशेब केला, बाई. तुमच्याकडं इंजेक्शन मिळायचं, तर बाईला पाळी मंगळवारीच यायला पाहिजे. सुनेला मी पुष्कळ गोष्टी सांगू शकते. हे कसं सांगू?”

मी हसले. सवयीने हसले, कारण एरवी अशा बोलण्याला मी हसतेच. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. नियम असतात आजी, असं काहीतरी मी म्हणणार होते. पण मनात मी त्या तीन खेपा आठवून पाहत होते, आणि मला एकही आठवेना. पोर घेतलेली बाई, मागे म्हातारी, आज नाही, बुधवारी या. अशा किती आल्या आणि गेल्या. ज्यांना सुई टोचली त्यांचीच नावं माझ्या रजिस्टरात. परत गेलेल्या बाईसाठी त्यात रकानाच नाही.

“मला नऊ झाली,” म्हातारी म्हणाली. “राहिली पाच. माझ्या वेळी दवाखानाच नव्हता, म्हणून कुणाला बोल लावला नाही. हिच्या वेळी आहे.” ती उठली. “ते तुमचं लिहायचं ते लिहा. गेल्या खेपेला तुमच्या टेबलाखालचं रक्त मीच पुसलंय. या खेपेला माझी सून मला परत पाहिजे. तेवढं बघा.”

मी ‘सासूचा विरोध’पुढची खूण खोडली. ‘इतर’पुढे पेन टेकवलं, आणि काही न लिहिता कागद पिशवीत घातला.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, “पाळीच्या दुसऱ्याच दिवशी का द्यायचं असतं हो?”

“कोण म्हणतं दुसऱ्याच दिवशी?”

म्हणत होत्या माझ्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकले. “दुसऱ्या दिवसाशिवाय सुईला हात लावायचा नाही. नाहीतर पोट असलेलीला देशील आणि घरी बसशील.” मी सव्विशीची होते. नोकरीची गरज होती. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला, आणि तो तसाच राहिला. बुधवार मात्र माझा स्वतःचा. सोमवारी लशी, मंगळवारी गरोदर बायका, बुधवारी इंजेक्शन, असं वेळापत्रक मी स्वतःच्या हाताने भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं. पाहुणे साहेब लोक त्याचं कौतुक करायचे. एकाने फोटोसुद्धा काढला होता.

डॉक्टरीणबाईंनी सहा प्रश्न सांगितले. मूल सहा महिन्यांच्या आतलं, नुसतं अंगावर पिणारं आणि पाळी अजून न आलेली, असं तिन्ही आहे का; आली असेल तर सात दिवसांच्या आतली आहे का; असेच आणखी चार. एका जरी प्रश्नाला खात्रीने ‘हो’ आलं, तर पोट नाही असं धरून त्याच दिवशी द्यायचं. वार कुठलाही असो. “याचा कागद आला होता, सिस्टर. चार वर्षांपूर्वी. सगळ्यांना पाठवला होता.”

कागद सापडला. माझ्याच औषधांच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, बाटल्यांखाली अंथरलेला. चांगला जाड कागद होता, म्हणून अंथरला असणार. मी तो बाटल्या काढून वाचला. बटणवालीला पहिल्या खेपेला देता आलं असतं. दुसऱ्या खेपेलाही, आणि पाचव्या दिवशी तर डोळे मिटून.

मला एकच मुलगी. दुसरं नको होतं, झालं नाही. माझी पाळी कुठल्या वारी यायची, हे मला कुणी कधी विचारलं नाही, कारण कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती. ही गोष्ट एकतीस वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या दिवशी मी कपाटासमोर उभी राहून रडले. मी सहसा रडत नाही. मला ते जमतही नाही नीट, नाकच जास्त वाहतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तेच फॉर्म घेऊन तीच घरं पुन्हा फिरले. या वेळी पेन पिशवीत ठेवलं. नुसतं विचारलं, “काय झालं होतं?” आणि गप्प बसले. गप्प बसणं मला महाग पडतं, पण बसले.

नवरे आडवे येणारे होतेच, नाही असं नाही. एकीच्या नवऱ्याने गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं होतं. एकीचा नवरा बाहेरगावी कामाला. म्हणाली, तो वर्षातून दोनदा येतो, न सांगता येतो, मग मी कशाला रोज गोळी गिळू? एकीला भीती होती, की पाळी बंद झाली तर रक्त आतच साचून राहतं. एकीने माझ्याकडूनच इंजेक्शन घेतलं होतं, महिनाभर अंगावरून जात राहिलं, विचारायला आली, तर मी म्हटलं होतं, “होतं असं, जा.” ती गेली ती गेलीच. मूल नको असलेल्या आणि काही न वापरणाऱ्या सत्तावीस बायका होत्या त्या चार गल्ल्यांत. त्यांतल्या अकराजणी निदान एकदा तरी माझ्या दारापर्यंत येऊन गेल्या होत्या. मी मात्र वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये उभी राहून सांगत होते, की आमच्याकडच्या बायका येतच नाहीत. घोडं कुठे पेंड खातंय, ते मीटिंगमध्ये कुणालाच कळत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी, तशी मी घरोघरच्या सासवांना फाशी देत सुटले होते.

अकरा फॉर्मवर मी ‘इतर’पुढे लिहिलं : “आली होती. मी परत पाठवली.” खाली सही.

डॉक्टरीणबाईंनी ते वाचले आणि दार लावून घेतलं. “सिस्टर, हे असं वर गेलं, तर तुम्हालाच विचारतील. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या. आपण ‘दवाखान्याची वेळ गैरसोयीची’ असं लिहू या का?”

“वेळ गैरसोयीची नव्हती. मी होते,” मी म्हटलं. “विचारू द्या ना. बाळंतपणं केलीत मी, साहेबाला काय घाबरते?”

वरून एक पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं, मग दुसरं पत्र आलं नाही. सरकारी राग असाच असतो. पण भिंतीवरचं वेळापत्रक मी पहिल्याच दिवशी स्वतः चुना कालवून पुसलं. दोन हात द्यावे लागले, निळा रंग चांगला होता. कुणी कधीही या, असं मी दारातच उभी राहून गल्लीला ओरडून सांगितलं. पहिल्या आठवड्यात तिघी आल्या. दुसऱ्या आठवड्यात नऊ. त्या भीत भीत यायच्या आणि आधी विचारायच्या, “बाई, आज वार कुठला?”

बटणवालीसाठी मात्र याचा काही उपयोग नव्हता. पाचवा महिना सरला होता. आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे तिला जिवंत ठेवणं. ते मी माझ्या पद्धतीने केलं, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर बसून. रक्तवाढीच्या गोळ्या मी रोज तिच्या घरी जाऊन, माझ्यासमोर गिळायला लावल्या. मोठ्या हॉस्पिटलात तिचं नाव लिहिलं आणि तिथल्या सिस्टरला फोन करकरून वीट आणला. तिचा नवरा मालाच्या गाडीवर असायचा, आठ-आठ दिवस बाहेर. त्याला पकडलं आणि रक्ताचा गट तपासायला पाठवलं. भला माणूस निघाला. जाताना दारात थबकून म्हणाला, “इंजेक्शनचं आई आत्ता बोलली. मला कुणी विचारलंच नव्हतं, बाई. विचारलं असतं, तर मी कशाला नको म्हणालो असतो?” या माणसालाही मी सात वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होते.

दिवस भरायच्या दहा दिवस आधीच तिला हॉस्पिटलात नेऊन ठेवायचं ठरलं. ती तयार होईना. “शर्ट कोण करणार? पोरं कोण बघणार?”

“शर्ट मी करते,” सासू म्हणाली. “पोरं धाकटी बघेल. तू उठ.” धाकटी म्हणजे तिची जाऊ, पलीकडच्याच खोलीत राहणारी. ती अडीच महिन्यांपूर्वीच पहिल्यांदा बाळंत झालेली; स्वतःचं पोर खांद्यावर टाकून ती या चौघांना घेऊन गेली.

निघताना सासूने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होते, काळजी करू नका. पण मागच्या खेपेलाही मी तेच म्हटलं होतं.

बाळंतपण झालं आणि रक्त पुन्हा सुटलं. या वेळी समोर ऑपरेशनचं टेबल होतं, चार डॉक्टर होते, नवऱ्याच्या रक्ताची पिशवी तयार होती. तरीही दोन तास गेले. गर्भाशय काढावं लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. माझे हात पोट दाबल्यासारखे एकमेकांवर ठेवलेले होते, हे मला शेजारच्या बाईने सांगितलं तेव्हा कळलं. मग एक सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, “वाचली.” मी तिला नमस्कारच केला. ती माझ्या मुलीच्या वयाची होती.

चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी भेटायला गेले. बटणवाली उशीला टेकून बसली होती. चेहरा तिच्या शर्टांसारखा पांढरा होता, पण डोळे जागेवर होते. बाजूला मुलगी झोपलेली. चांगली मुलगी होती, मोठ्या डोक्याची.

“पिशवी काढली म्हणे,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे आता होणारच नाही.”

“नाही.”

तिने मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. “नकोच होतं आणखी,” ती म्हणाली. “पण असं नको होतं. उचलता काही येणार नाही म्हणाले सहा महिने. पाणी कोण भरणार?”

मी पलंगाच्या कडेवर बसले. एकतीस वर्षांत मी कुठल्याही बाईला जे म्हटलं नव्हतं, ते म्हटलं. “माझं चुकलं. तुला पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली.

एवढंच. नाही हो बाई, तुम्ही तर किती केलंत, असं काहीतरी ती म्हणेल, असं मला वाटलं होतं. माणसाला वाटतं तसं. ती काही म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. मग तिने माझ्या हाताला हात लावला आणि जरा पुढे झुकली. “धाकटीचं पोर तीन महिन्यांचं झालं. अंगावर पितंय. पाळी नाही अजून. तिला इतक्यात दुसरं नको आहे. कधी पाठवू?”

“कधीही पाठव.”

“उद्या?”

उद्या रविवार होता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

“उद्या पाठव,” मी म्हटलं. “सकाळी नऊला.”

रविवारी मी साडेआठलाच दवाखान्याचं कुलूप काढलं. झाडून घेतलं, खिडक्या उघडल्या, ट्रे मांडला. नऊला दोघी आल्या. पुढे सासू, मागे पोर कडेवर घेतलेली धाकटी. मी सहा प्रश्न विचारले. पोरगी घाबरली होती, तरी नीट उत्तरं देत होती. पाळी कदाचित पुढे-मागे होईल, थोडं अंगावरून जाईल, तसं झालं तर लगेच ये, मी हाकलणार नाही, हेही मी तिला समजावून सांगितलं.

“आजी, तुम्ही बाहेर बसा,” मी म्हटलं. “सावलीत बाक आहे.”

“इथंच बरी आहे,” सासू म्हणाली.

ती दारात उभी राहिली. मी बाटली हलवली, औषध सिरिंजमध्ये ओढलं, पोरीचा दंड पुसला. म्हातारीची नजर माझ्या हातावर होती. सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि मीही तिला पुन्हा बस म्हटलं नाही.